भावोजींच्या रायफलची नळी

कॅरी, १६ फेब्रुवारी २०२५

चि. रेणू,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. घेतलाच पाहिजेस असं नाही.

तुझं पाकीट मिळालं. ग्रीटिंग कार्ड सुंदर आहे, आतला मजकूर त्याहून सुंदर. 'ताई, उर्वीच्या लग्नाला येऊ का? मागे कुठेतरी उभी राहीन, कुणाशी बोलणार नाही.' वाचून क्षणभर मलाच वाटलं, आपण फार दुष्ट बाई आहोत. तेवढ्यात तुझे भावोजी चहा घेऊन आले. कप उजव्या हातात, डावा हात स्वेटरच्या खिशात. माझं डोकं लगेच ठिकाणावर आलं.

फोन मी ब्लॉक केलाय तो तसाच राहील. पत्र बरं. पत्रात समोरच्याला मध्येच रडता येत नाही. लहानपणी रडायचीस तू आणि धपाटा बसायचा मला, म्हणून तुझं रडणं मला अजून सोसत नाही.

हाताचं विचारलंयस. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं ते तुला ठाऊक आहे. मधलं बोट शाबूत आहे, पण वाकत नाही. शर्टाची बटणं मी लावते. ते लावून घेताना छताकडे बघतात.

आता कामाचं. त्यांना पुन्हा रायफल चालवायची आहे. चॅटम काउंटीतली आपली जमीन तू पाहिलीस. ग्राउंडहॉग म्हणजे आपल्या घुशीचा थोरला भाऊ, बिळं करकरून सगळं शिवार पोखरतो. शेजारच्या बाईंच्या घोड्याचा पाय असल्याच बिळात जाऊन मोडला, घोडा मारावा लागला. आजूबाजूचे सगळे शेतकरी यांनाच बोलवायचे. पंचवीस वर्षं कोड लिहिलं त्याचं कुणी कौतुक केलं नाही. घुशी मारल्या तेव्हा लोक 'मिस्टर गुरू' म्हणायला लागले. त्या माणसाला आता कुणी बोलवत नाही. भिडेनं, दयेनं, कशानं का असेना, फोन येत नाही.

डेल म्हणून एक म्हातारा इथे बंदुकांची कामं करतो. त्यानं रायफल पूर्ण तपासली. म्हणाला, मागचा भाग ठीक आहे, दस्ता बदलू, नळी मात्र नवी घ्यावी लागेल, आणि कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा. त्याच्या भिंतीवर नळ्या टांगलेल्या असतात, पडद्याच्या दांड्यांसारख्या. पातळ, जाड, साध्या पोलादाची, स्टेनलेसची, वरून कार्बन फायबर गुंडाळलेली. मी तीस वर्षं फार्मा कंपनीत क्वालिटीत काढली, गोळ्या म्हटलं की मला क्रोसिन आठवते. यातलं मला काय कळणार?

तुला कळतं. तू मेटलर्जीवाली. नेपरव्हिलच्या लॅबमध्ये दिवसभर लोखंडाचे तुकडे ताणून तोडतेस. तर नळी तू निवड. दसऱ्याला शस्त्रपूजेत रायफलच्या तोंडात झेंडू खोचलास, देठ आत तुटून राहिला, ओल्या कुंकवाचं नि अक्षतांचं वर बूच बसलं, आणि आठवड्यानं त्यांनी गोळी झाडली तशी नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली. हॉस्पिटलमधून मी फोनवर ओरडले तेव्हा तू एवढंच म्हणालीस, 'सॉरी ताई.' एका शब्दानं नाकारलं नाहीस, ते एक बरं केलंस. एक नळी तुझ्या हौसेनं गेली, दुसरी तुझ्या अकलेनं येऊ दे.

अट अशी. माझ्या लेकीचं लग्न चौदा जूनला. त्याआधी तुझ्या निवडलेल्या नळीनं तुझ्या भावोजींनी एक ग्राउंडहॉग टिपला, तर ये. नाही टिपला, तर घरी बस.

रत्ना

*

कॅरी, ९ मार्च २०२५

रेणू,

तीन पानी उत्तर, आकृत्यांसकट! पहिल्या पानावर पोलाद, दुसऱ्या पानावर पोलाद, तिसऱ्याच्या तळाशी 'उर्वी कशी आहे'. छान आहे. साडीला पिको-फॉल करून हवाय म्हणत होती. तुझ्याकडून नाही, काळजी नको.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. पातळ नळी हलकी, खांद्याला लावून रानभर हिंडता येतं, पण दोन-चार गोळ्यांत तापते आणि तापली की नेम सरकतो. जाड नळी तापायला वेळ लावते, थरथरत नाही, दिवसभर मारलं तरी गोळी एकाच जागी. ग्राउंडहॉग शेताच्या पार पलीकडे असतो, एवढासा दिसतो, म्हणून जाडच. शिवाय आत काही अडथळा आला तर जाड नळी बहुधा फुगते, अशी चिरफाळत नाही. 'अडथळा' हा शब्द फार नाजूक वापरलास. आमच्या घरी त्याला झेंडू म्हणतात.

आणि स्टेनलेस का, तर 'इथली हवा दमट, आणि आपल्या घरात पूजा होते, ओलं कुंकू लागलं की साधं पोलाद गंजतं.' वा! म्हणजे अजून पूजा करायचा विचार आहे तर.

आता ऐक. शनिवारी मी त्यांना डेलकडे घेऊन गेले. त्याच्याकडे जाड नळीची एक रायफल होती. मी म्हटलं, उचलून बघा.

डेल म्हणाला, "मॅम, दॅट वन्स फॉर द बेंच." म्हणजे टेबलावर ठेवून मारायची. मी म्हटलं, असू दे, त्यांना उभं राहून उचलू दे.

ते माझ्याकडे बघत राहिले. "रत्ना, कशाला?"

"रेणूनं सांगितलंय ना जाड घ्या म्हणून. बघू या की झेपते का."

उजव्या हातानं दस्ता धरला, डावा पुढे नळीखाली नेला. दोन बोटं आणि एक अंगठा. नळीचं तोंड खाली खाली गेलं. डेलनं झटकन पुढे होऊन धरली म्हणून, नाहीतर काउंटरची काच गेली असती. दुकानात टोप्या घ्यायला आलेली दोन पोरं होती. ती हसली नाहीत, मान वळवून उभी राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

मुद्दाम केलं का? हो. मला तुला लिहायचं होतं, आणि बघितल्याशिवाय लिहिलेलं मला आवडत नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. पुढे तोंडाशी सगळं वजन, आणि धरायला हात कुठाय? हात तू घेऊन गेलीस.

मग पातळ घेऊ? उचलता येईल, पण नेम सरकेल, आणि ते मनातल्या मनात म्हणतील की नळी नाही, मीच कामातून गेलो. कार्बनची घेऊ? डेल म्हणतो हलकी असते, ताठ असते, पण तोच नाक मुरडतो. तूच सांग. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, हात कसा आहे ते लक्षात घेऊन सांग.

आणि एक. जेवताना मी तुझं नाव काढलं की तुझे भावोजी ताटावरून उठतात. काल तर आमटीभात तसाच टाकून बाहेर डेकवर जाऊन उभे राहिले. बघ किती राग आहे. मला निदान बोलून मोकळं होता येतं.

हॉलवाल्यांना माणसांचा आकडा मेच्या मध्यात कळवायचाय. तुझी खुर्ची मी अजून धरलेली नाही.

रत्ना

*

कॅरी, ३० मार्च २०२५, पाडवा

रेणू,

नववर्षाच्या शुभेच्छा तुझ्या तुला असोत.

या वेळी एकच पान लिहिलंस. पहिल्या ओळीत प्रश्न: 'ताई, भावोजी चालत चालत मारतात की एका जागी बसून?' मी त्यांना विचारलं. म्हणाले, "बसूनच. टेकाडावर खुर्ची टाकतो. घुशीच्या मागे कोण धावतं?" एवढी वर्षं संसार केला, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हे रानावनात शिकार करत हिंडतात.

मग तुझा उपाय त्यांना वाचून दाखवला. डाव्या हातानं पुढे धरायचंच नाही. नळी जाडच घ्यायची, पण अंगावर लांबीनं पन्हळी कोरलेली, म्हणजे वजन उतरतं आणि ताठपणा जात नाही. पुढे दोन पायांचा स्टँड, सगळा भार त्याच्यावर. डावा हात मागे, दस्त्याखाली, वाळूच्या छोट्या पिशवीवर. नेम वर हवा तर पिशवी दाबायची, खाली हवा तर सोडायची. 'त्याला दोन बोटं आणि अंगठा पुरतो, ताई. जड नळी इथे भावोजींच्या बाजूनं आहे, ती हलत नाही म्हणून हाताला काम कमी.'

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. स्वतः वाचला. मग उठून छत्री आणली, डायनिंग टेबलावर आडवी ठेवली, पुढे दोन वाट्या पालथ्या, मागे तांदळाची छोटी पिशवी. खुर्ची ओढून बसले. डावा हात पिशवीवर, दाबला, सोडला, दाबला. छत्रीचं टोक मायक्रोवेव्हवरच्या घड्याळावर खालीवर होत होतं.

आणि हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. हसले ते तुझ्या कागदाकडे बघून. मी समोर उभी होते, हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन.

"रेणू म्हणते तीच घेऊ," म्हणाले. "डोकं आहे तिला."

तुला सांगते रेणू, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काही आजची नाही. उर्वी सहा वर्षांची असताना बाबांच्या आजारपणासाठी मी पुण्याला गेले आणि व्हिसा अडकला. हे कन्सल्टिंगवर, दर आठवड्याला नवं शहर. पोर तुझ्याकडे नेपरव्हिलला राहिली. मी परत आले तेव्हा एअरपोर्टवर ती माझ्याजवळ आली, पाया पडली. पाया पडली! कुणीतरी शिकवल्यासारखी. मग वेणी सुटली म्हणून तुझ्याकडे धावली. मूल माझं, कळा माझ्या, आणि आयत्या बिळावर नागोबा तू. मराठी वाचायला तू शिकवलंस, पहिला दात तुझ्याकडे पडला, पाळी आली तेव्हा तिनं फोन तुला केला. तुझा संसार दोन वर्षांत आटोपला याचं मला वाईट वाटलं होतं; पण म्हणून माझ्यातलं अर्धं घ्यायला मी तुला सांगितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर मी तुला तोडलं तेव्हा राग तर होताच. पण आत कुठेतरी हलकंही वाटलं, ते कशाला लपवू? आता उर्वीला आई एकच, असं वाटलं. तिला बोटांचं खरं कारण आम्ही सांगितलेलं नाही. नळीच सदोष होती, असं सांगितलं. 'तिला मावशीबद्दल वाईट वाटेल,' असं हेच म्हणाले. तुझं-माझं साडीवरून भांडण झालंय एवढंच तिला माहीत आहे, आणि ते तिला सहज पटलं.

डेलला ऑर्डर दिली. स्टेनलेस, जाड, पन्हळीची, स्टँडसकट. नळी बिनचूक निघाली तर शब्द पाळीन. दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे तुला माहीत आहे.

रत्ना

*

कॅरी, ४ मे २०२५

रेणू,

आज मी काय लिहिणार आहे, ते तुला आधीच माहीत आहे. मलाच नव्हतं.

नळी आली. डेलनं बसवली, दोघं त्याच्या मागच्या माळावर जाऊन मारून आले. कागदाचा तुकडा घेऊन घरी आले, त्यावर भोकं इतकी जवळ की एका बांगडीत मावतील. फ्रिजवर चिकटवलाय. उर्वीच्या लग्नपत्रिकेच्या शेजारी.

अक्षय तृतीया बुधवारी होती, म्हणून पूजा शनिवारी केली. आपल्या देवांनी इथे वीकेंड कधीच मान्य केलाय. उर्वी हर्नडनहून गाडी घेऊन आली. पाटावर नवी रायफल, होणाऱ्या जावयानं, देवांगनं, लग्नासाठी घेतलेला कॅमेरा, गाडीच्या किल्ल्या. मी हळदीकुंकू आणायला आत गेले. परत आले तर उर्वी पाटाशी वाकलेली. कुंडीतला झेंडू खुडून तिनं आणला होता आणि त्याचा देठ रायफलच्या तोंडात घालत होती.

"काय करतेस?"

"डेकोरेशन, आई. दसऱ्याला पण मीच लावलं होतं ना. मावशी फोटो काढत होती. इट लुक्ड सो प्रीटी यार."

तुझे भावोजी नारळ घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी पुढे झाले, फूल हातात घेतलं, सावकाश ओढलं, देठ अख्खा आलाय का ते बघितलं. म्हटलं, "नव्या नळीवर नको गं, डाग पडतील." आवाज अगदी नेहमीचा. फॅक्टरीत तपासणीला गेल्यावर मी असाच ठेवायचे, समोरच्याला कळू नये की सापडलंय.

"ओके, चिल," उर्वी म्हणाली आणि फूल देवीच्या फोटोला वाहिलं.

जेवणं झाली. ती मेकअपवालीकडे ट्रायलला गेली. हे डेकवर उभे होते. या वेळी उठून जायला जागा नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं?"

डावा हात खिशातून काढून कठड्यावर ठेवला. मग म्हणाले, "तिनं लावलं, दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवताना मी उपटलं. फूल हातात आलं, देठ तुटून राहिला, माझ्या लक्षात आलं नाही. गोळी भरायच्या आधी नळीतून आरपार बघायचं असतं. ते पण नाही बघितलं."

"आणि रेणू?"

"हॉस्पिटलमधून मीच तिला फोन केला. डेलचा निरोप आला होता, आत देठ सापडला म्हणून. मी म्हटलं, उर्वीला कळलं तर पोरगी जन्मभर माझ्या हाताकडे बघत राहील. रेणू म्हणाली, माझं नाव घ्या. ताई तशीही माझ्यावर चिडलेलीच असते."

"आणि तुम्ही घेतलंत."

"झेंडू म्हटल्यावर तो कुणी लावला हे तू विचारलंसच नाहीस, रत्ना. तू सरळ तिला फोन लावून ओरडायला लागलीस. मी हो म्हणायच्या आधीच तुझं ठरलं होतं."

म्हणजे ताटावरून उठून जायचे ते तुझ्या रागानं नाही. माझं बोलणं ऐकवेना म्हणून.

मी आत आले, भांडी घासली, डिशवॉशर असताना.

आणखी काय लिहू ते आज सुचत नाही. पुढच्या आठवड्यात लिहीन.

रत्ना

*

कॅरी, १० मे २०२५

रेणू,

हे माफीचं पत्र नाही. शेवटपर्यंत वाचशील तेव्हा कळेल.

अट पूर्ण झाली. काल संध्याकाळी टेकाडावर खुर्ची, फोल्डिंग टेबल, तुझी नळी. शेताच्या पलीकडे बिळाच्या तोंडाशी एक लठ्ठ ग्राउंडहॉग दोन पायांवर उभा राहिला, शेंग कुरतडत. तुझ्या भावोजींनी पिशवी दाबली, किंचित सोडली, आणि एका गोळीत आडवा. शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी येऊन टाळ्या वाजवल्या. 'मिस्टर गुरू इज बॅक!' घरी येऊन त्यांनी शर्टाची बटणं स्वतः काढली. खालची दोन राहिली, पण वरची सगळी स्वतः.

तुझी निवड चोख निघाली. आणि तरी तू लग्नाला यायचं नाहीस.

शब्द फिरवतेय, माहीत आहे. कारण ऐक.

तू आलीस तर मला तुझ्याशी बोलावं लागेल. ऑक्टोबरपासून जिच्याशी एक शब्द बोलले नाही तिला मी मिठी मारताना उर्वी बघेल आणि विचारेल, 'आई, काय झालं होतं?' साडीचं भांडण एवढे महिने टिकत नाही, हे ती आता विचार करायला लागली की तिला कळेल. देवांग वकील आहे, तो तर खोदूनच काढेल. मंडपात तिचे बाबा कन्यादानाला बसतील. डावा हात सगळ्यांसमोर, तिच्या हाताखाली. त्या क्षणी तिच्या डोक्यात झेंडू नको. तू गप्प राहशील, यात शंका नाही. पण तुझा चेहरा गप्प राहत नाही. लहानपणी साखर खाल्लीस तरी आईला चेहऱ्यावर दिसायची.

हे झालं सांगायचं कारण. खरं कारण पुढे आहे आणि तेही लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप लागणार नाही.

माझ्या मुलीसाठी तू जे केलंस ते मी केलं नाही. मला संधीच मिळाली नाही. तिथेही तू आधी पोचलीस. तिच्या जन्मभराचं ओझं उचललंस आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्यास, आणि नळीच्या आकृत्या काढून पाठवत राहिलीस. हे तिला कधी कळलं, तर ती कुणाच्या गळ्यात पडेल? सांग ना. तू मंडपात मागे उभी राहशील, कुणाशी बोलणार नाहीस, आणि मला मात्र संपूर्ण लग्नभर कळत असेल की या मुलीची आई कुठे उभी आहे. ते मला सहन होणार नाही. चांगलं वाग म्हणून मी तुला सांगितलं नव्हतं. तू वाईट होतीस तेच मला बरं पडत होतं.

म्हणून आणखी एक काम कर. उर्वीनं तुला परस्पर पत्रिका पाठवली आहे, मला माहीत आहे. तिला तूच कळव की येत नाहीस. 'ताईनं नको सांगितलं' हे चालणार नाही, ती माझ्याशी भांडेल. आजारपण चालणार नाही, ती विमान पकडून तुझ्याकडे येईल. असं कारण सांग की तिला तुझा राग येईल. चांगला, टिकाऊ राग. तिची माया तुझ्यावरून उतरली, की ती मागचं उकरायला जाणार नाही.

तुला जमेल. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी कर. एवढं मोठं केलंस, त्यापुढे हे काय?

रत्ना

*

कॅरी, २२ जून २०२५

रेणू,

लग्न छान झालं. पाऊस आला नाही, भटजी अटलांटाहून वेळेवर आले, देवांगकडची माणसं साधी आहेत. कन्यादानाच्या वेळी तुझ्या भावोजींनी डावा हात मुळीच लपवला नाही. उर्वीनं वरून धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

तुझं कारण उत्तम होतं. त्याच वीकेंडला ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर अलास्काची क्रूज! आणि वर 'आता कॅन्सल केली तर रिफंड मिळत नाही गं' हे वाक्य तर मला सात जन्मांत सुचलं नसतं. तिनं स्पीकरवर ठेवला होता फोन. तू मध्ये जांभईसुद्धा दिलीस. ती जांभई खरी होती का, हे तुझे भावोजी मला विचारत होते. मी म्हटलं, मला काय माहीत?

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. रुखवताचे लाडू वळत होते मी.

"आई, तिने क्रूज चूज केली. ओव्हर मी. हू डझ दॅट?"

मी म्हटलं, "काही माणसं अशीच असतात, बेटा. मी आधीपासून ओळखून होते."

मग ती रडली. खूप रडली रेणू, लहान मुलीसारखी, नाक पुसायचं भान नाही. मी सोफ्यावर बसले, तर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्या. एअरपोर्टवर पाया पडली होती ती हीच. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते, हाताला लाडवाचं तूप लागलेलं होतं, ती काही म्हणाली नाही. म्हणाली फक्त, "तू आहेस ना." मी म्हटलं, आहे.

त्या तासाभरासाठी मी तुला आणखी दहा वेळा तोडलं असतं. असं वाटल्याची लाज वाटते का? नाही वाटत. वाटायला हवी, हे कळतं.

लग्नाच्या दिवशी तू नेपरव्हिलला घरीच होतीस. तुझ्या भावोजींनी हॉलच्या पार्किंगमधून तुला फोन लावला होता, मंगलाष्टकं ऐकवायला. मी काचेतून बघत होते. फोन हात लांब करून धरला होता त्यांनी, डाव्या हातात. मी बाहेर गेले नाही, त्यांना थांबवलंही नाही. तेवढं तुझं.

उर्वीनं तुझे फोटो तिच्या फोनमधून काढून टाकले. दसऱ्याचेही, तू काढलेले सगळे. म्हणजे आता काळजी नाही.

ती आणि देवांग या उन्हाळ्यात दर शनिवारी आमच्याकडे येणार म्हणतात. बाबांकडून नेमबाजी शिकायची आहे दोघांना. हे तिला शिकवतील, गोळी भरायच्या आधी नळीतून आरपार बघायचं. का, ते सांगणार नाहीत.

तू आता पत्र पाठवू नकोस. ती इथे असली की टपाल तीच आणते.

रत्ना